शुक्रपेशीच्या टोपीतील विकर
(नभोवाणी भाषण)

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहे. पपईच्या चिकात पपेन नावाचे एक विकर असते. ते मांसातील प्रथिने तोडते आणि मांस मऊ पडते. विकर म्हणजे ज्याला एन्झाइम म्हणतात तेच. स्वतः न खर्चता एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारे द्रव्य. आता येथे एक प्रश्न सहजच उद्भवतो. प्रथिने तोडणारे हे द्रव्य ज्या पपईत राहते, त्या पपईच्या पेशींतही प्रथिने असतातच. मग पपई आपल्याच चिकाने विरघळून का जात नाही? याचे उत्तर असे, की हा चीक फळात सर्वत्र पसरलेला नसतो. तो स्वतंत्र नळ्यांत कोंडलेला असतो. फळाला ओरखडा पडला म्हणजेच तो बाहेर येतो आणि मगच त्याचे काम सुरू होते.

तेव्हा एखादे विकर काय करते एवढे समजून भागत नाही. ते कोठे ठेवलेले आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. आज मी आपल्याशी जे बोलणार आहे ते याच सूत्राला धरून. मात्र उदाहरण पपईचे नाही, तर ज्या पेशीपासून आपणा प्रत्येकाच्या आयुष्याचा निम्मा आरंभ झाला, त्या पुरुषबीजाचे, म्हणजे शुक्रपेशीचे आहे. विषय थोडा नाजूक आहे. परंतु तो चारचौघांत बोलला जात नाही म्हणूनच त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत आणि त्या गैरसमजांची किंमत आपल्या समाजात पुष्कळ स्त्रियांना मोजावी लागली आहे. म्हणून तो स्वच्छ शब्दांत मांडणे मला उचित वाटते.

शुक्रपेशी प्रथम दृष्टीस पडल्या त्या १६७७ साली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहुक याने आपल्या हातांनी घासलेल्या भिंगाखाली त्या वळवळताना पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्राने कळविले. त्याला त्या शेपटीवाल्या सूक्ष्म प्राण्यांसारख्या भासल्या. त्या प्राणी नसून शरीराच्याच पेशी आहेत आणि त्या वृषणात तयार होतात, हे निश्चित व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

त्यांची घडण ही सृष्टीतील एक मोठी नवलाची गोष्ट आहे. वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. या नळ्यांच्या भिंतीलगत साध्या, गोल मूळपेशी असतात. त्या विभागत विभागत आतल्या पोकळीकडे सरकतात. वाटेत एका विशेष प्रकारच्या विभाजनाने त्यांच्यातील ४६ गुणसूत्रांची २३ होतात. या वेळी जी पेशी हाती येते ती दिसावयास अगदी सामान्य, गोलमटोल असते. तिला ना शेपूट, ना टोक. पुढे तिचे विभाजन होत नाही, रूपांतर मात्र होते. केंद्रक आकसून घट्ट होते, एका बाजूला शेपूट फुटते, अनावश्यक पेशीद्रव्य गळून पडते, आणि पोहणारी शुक्रपेशी सिद्ध होते. मूळपेशीपासून येथपर्यंतच्या प्रवासास मनुष्यात सुमारे ७४ दिवस लागतात. शाळेत बेडूकमाशाचा बेडूक होताना मुले डोळे विस्फारून पाहतात. तितकेच मोठे स्थित्यंतर येथे एकाच पेशीत होत असते.

या रूपांतराच्या काळात गोल पेशीच्या एका कोपऱ्यात काही हालचाल सुरू होते. प्रत्येक पेशीत चपट्या पिशव्यांची एक चळत असते. इटलीच्या कॅमिलो गॉल्जी याने १८९८ साली ती मज्जापेशींत दाखवून दिली, म्हणून तिला गॉल्जीचे नाव मिळाले. पेशीत तयार झालेली प्रथिने येथे येतात, त्यांना येथे शर्करेची जोड मिळते आणि येथूनच ती पुड्यांत बांधल्यासारखी निरनिराळ्या ठिकाणी रवाना होतात. गोल शुक्रपूर्व पेशीत या चळतीतून लहान लहान पुटिका सुटतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांची एक मोठी पुटिका केंद्रकाला जाऊन चिकटते. मग ती पसरू लागते. भिजविलेला कणकेचा गोळा उलट्या वाटीवर थापावा तशी ती केंद्रकाच्या पुढच्या भागावर पसरते आणि अखेरीस त्याच्यावर टोपीसारखी बसते. या टोपीला ॲक्रोसोम म्हणतात. शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ टोकावरचा पिंड. मनुष्याच्या शुक्रपेशीचे डोके लांबीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पटच असते; त्याचा ४० ते ७० टक्के भाग या टोपीने झाकलेला असावा, असे निरोगी शुक्रपेशीचे लक्षण सांगतात.

ही टोपी कशी घडते हे टप्प्याटप्प्याने मांडले ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या लेब्लाँ आणि क्लेरमाँ या दोघांनी. शर्करायुक्त प्रथिनांना किरमिजी रंग देणारी एक रासायनिक रीत त्यांनी वापरली. टोपीत अशी प्रथिने भरपूर असल्यामुळे ती या रंगाने उठून दिसते. उंदीरवर्गातील प्राण्यांच्या वृषणाचे पातळ काप घेऊन त्यांनी टोपीच्या वाढीवरून पेशीचे वय ओळखण्याची पद्धत बसविली. १९५२ साली त्यांनी घुशीसारख्या मोठ्या पांढऱ्या उंदराच्या शुक्रपेशीच्या रूपांतराच्या १९ पायऱ्या नोंदविल्या. झाडाच्या खोडातील वलये मोजून त्याचे वय सांगावे, तसाच हा प्रकार होय. आजही या विषयाचा अभ्यासक याच पायऱ्यांवरून चालतो.

परंतु टोपी दिसली म्हणजे टोपीत काय आहे ते कळले, असे नव्हे. जुन्या पद्धतीने एखादे विकर शोधावयाचे म्हणजे ऊतक वाटून त्याचा अर्क काढावा लागे. अर्कात विकर आहे एवढे त्यातून समजे. ते कोणत्या पेशीत होते आणि पेशीच्या कोणत्या भागात होते, हे समजत नसे. घरातील सारे सामान अंगणात एका ढिगात ओतले, तर कोणती वस्तू माजघरातली आणि कोणती देवघरातली हे कोण सांगणार? याच रीतीने १९४२ साली मॅक्लीन आणि रोलंड्स या संशोधकांनी शुक्रपेशींत हायल्युरॉनिडेज नावाचे विकर असल्याचे आणि त्याने अंडपेशीभोवतीच्या पेशींचा वेढा मोकळा होत असल्याचे दाखविले. तो वेढा हायल्युरॉनिक आम्लाच्या बुळबुळीत लगद्याने एकत्र बांधलेला असतो, आणि हे विकर नेमके तेच आम्ल तोडते.

पुढची पायरी १९६५ सालची आहे, आणि तीत एका भारतीय नावाचा वाटा आहे याचा आपणास आनंद वाटावा. केंब्रिज येथे श्रीवास्तव, ॲडम्स आणि हार्ट्री यांनी शुक्रपेशींच्या टोप्याच अलग करून त्यांतील द्रव्य काढले आणि ते सशाच्या अंडपेशींवर सोडून पाहिले. भोवतालच्या पेशी तर सुटल्याच, पण अंडपेशीचे पारदर्शक कवचही त्या द्रव्याने विरघळले. म्हणजे कवच भेदणारी सामग्री टोपीत आहे, याला पुरावा मिळाला. तीतील प्रथिने तोडणाऱ्या मुख्य विकराला पुढे ॲक्रोसिन हे नाव पडले. स्वभावाने ते आपल्या आतड्यातील ट्रिप्सिनचे सख्खे भावंड आहे.

पेशी न मोडता, तिच्या जागच्या जागी विकर ओळखण्याची युक्ती प्रतिपिंडांनी मिळवून दिली. आपले रक्त परक्या प्रथिनाशी लढण्यासाठी जी द्रव्ये बनविते ती प्रतिपिंडे. प्रत्येक प्रतिपिंड एका ठराविक प्रथिनालाच जाऊन चिकटते. त्याच्या पाठीवर चमकणारा रंग किंवा सोन्याचा अतिसूक्ष्म कण बसविला, की ते जेथे चिकटेल तेथे रंग चमकतो, किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळा ठिपका दिसतो. हरवलेल्या माणसाला ओळखणारा नातेवाईक हाती कंदील देऊन गर्दीत पाठवावा, तशी ही योजना आहे. या रीतीने पाहता ॲक्रोसिन गोल शुक्रपूर्व पेशींत, गॉल्जीच्या चळतीजवळील त्या पुटिकेत स्पष्ट दिसू लागते, आणि टोपी जसजशी पसरते तसतसे तिच्याबरोबर पसरत जाते. टोपीच्या बाहेर, मोकळ्या पेशीद्रव्यात, त्याला थारा नसतो.

आणि थारा नसतो तेच बरे. कारण प्रथिने तोडणारे हे विकर पेशीत मोकाट सुटले तर ज्या घरात ते जन्मले तेच घर ते पाडील. येथे निसर्गाने दुहेरी बंदोबस्त केलेला आहे. पहिला बंदोबस्त भिंतीचा. टोपीला आतून आणि बाहेरून पटल आहे आणि विकर त्या दोहोंच्या मध्ये कोंडलेले आहे. दुसरा बंदोबस्त म्यानाचा. विकर तेथे तयार स्वरूपात नसतेच. त्याच्याभोवती एक जादा तुकडा जोडलेला असतो, आणि या निष्क्रिय रूपाला प्रोॲक्रोसिन म्हणतात. टोपीच्या आतील द्रव आम्लधर्मी असतो. तेथे हे म्यान सहसा निघत नाही. टोपी उघडली आणि आम्लता ओसरली, की म्यान गळते आणि पाते उघडे पडते. आपल्या जठरातील पेप्सिनही प्रथम अशाच निष्क्रिय रूपात निर्माण होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आठवेल.

टोपी उघडण्याची ही घटना प्रथम नीट वर्णन केली ती जीन डॅन या विदुषीने. त्या जन्माने अमेरिकन. लग्नानंतर जपानात स्थायिक झाल्या. तेथे समुद्री प्राण्यांच्या शुक्रपेशींवर काम करताना, अंडपेशीचा सहवास मिळताच टोपी फुटते, हे त्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. सस्तन प्राण्यांत आणखी एक अट आहे. ताजी शुक्रपेशी लगेच अंडपेशीत शिरू शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही काळ घालविल्यावरच ती त्या कामास पात्र होते. हे १९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. म्हणजे जागेइतकीच वेळही महत्त्वाची. टोपी फार लवकर उघडली तर सामग्री वाटेतच सांडते. उघडलीच नाही तर शुक्रपेशी दारातच खोळंबते.

येथवर सारे कसे सुसंगत वाटते. कवच आहे, ते तोडणारे विकर आहे, विकर टोपीत आहे. परंतु विज्ञानात नीटनेटक्या गोष्टीची परीक्षा घ्यावीच लागते. १९९४ साली जपानमधील बाबा यांच्या गटाने ॲक्रोसिनचे जनुकच निकामी केलेले उंदीर तयार केले. अपेक्षा ही, की नर निःसंतान होतील. त्यांना पिले झाली! कवच भेदण्यास थोडा उशीर लागे एवढेच. मग ॲक्रोसिनचे महत्त्व ते काय उरले? अनेक पुस्तकांतील वाक्ये सौम्य करावी लागली. परंतु गोष्ट तेथेही संपली नाही. २०२० साली जपानमध्येच हॅमस्टर या उंदराच्याच जातकुळीतील प्राण्यावर तोच प्रयोग झाला, आणि या खेपेस नर खरोखरच निःसंतान निघाले. त्यांच्या शुक्रपेशी कवचापर्यंत गेल्या, पण पार होऊ शकल्या नाहीत. एका प्राण्यात दुय्यम असलेले विकर दुसऱ्यात अपरिहार्य असू शकते. तेव्हा उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना किती जपावे, याचा हा धडाच होय.

आता शुक्रपेशीतील इतर दोन विकरांकडे वळू, म्हणजे जागेचे तत्त्व अधिक स्पष्ट होईल. पहिले आहे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचा एक खास प्रकार. हे विकर शरीरात सर्वत्र आढळते, पण वृषणातील शुक्रपेशींच्या वंशात त्याचे एक वेगळेच रूप असल्याचे १९६३ साली ब्लँको आणि झिंकहॅम यांनी दाखविले. ॲक्रोसिनच्याही आधी, गुणसूत्रे निम्मी होण्याच्या विभाजनाच्या काळातच ते पेशीत प्रकट होते. त्याचे काम इंधनातून शक्ती मिळविण्यास मदत करणे हे असल्यामुळे ते टोपीत कोंडलेले नसते. ते मुख्यत्वे पेशीद्रव्यात असते आणि पुढे शेपटीत काम करते. २००८ साली हे जनुक नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या शुक्रपेशींची चाल मंदावली आणि बहुतेक नर निःसंतान राहिले. इंजिनाजवळचे तेल आणि कुलपात ठेवलेली सुरुंगाची दारू या दोहोंची जागा एकच कशी असेल?

दुसरे विकर आहे फॉस्फोलिपेज सी झीटा. नाव लांबलचक, पण काम मोठे. २००२ साली वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी ते उजेडात आणले. शुक्रपेशी अंडपेशीशी एकरूप होताच हे विकर अंडपेशीत उतरते आणि तेथे कॅल्शियमच्या लाटा उसळविते. त्या लाटांनीच झोपी गेलेली अंडपेशी जागी होते आणि गर्भाचा आरंभ होतो. आता विचार करा: हे विकर टोपीच्या द्रवात ठेवले असते तर काय झाले असते? टोपीतील द्रव तर कवचाच्या बाहेरच सांडून जातो. अंडपेशीच्या आत पोचावयाचे तर दुसरी जागा हवी. म्हणूनच ते केंद्रकाला लगटून असलेल्या आवरणात आढळते आणि केंद्रकाबरोबरच आत प्रवेश करते. बाहेरच्या कामाचे हत्यार टोपीत आणि आतल्या कामाची किल्ली केंद्रकापाशी, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी बिघडली की काय होते, हे माणसांतही पाहावयास मिळते. काही पुरुषांच्या शुक्रपेशींची डोकी टोकदार अंडाकृती नसून गोल असतात. त्यांच्यावर टोपीच नसते. हा दोष दुर्मिळ आहे. २०११ साली फ्रान्समधील दोन गटांनी त्याच्या एका प्रमुख कारणाचा छडा लावला. टोपीला केंद्रकाशी जखडून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक अशा अनेक पुरुषांत गहाळ असते. टोपी बनू लागते, पण तिला धरून ठेवणारी खुंटी नसल्यामुळे ती निसटते आणि पेशीबाहेर टाकली जाते. १९९२ साली ब्रुसेल्स येथे एकच शुक्रपेशी बारीक सुईने थेट अंडपेशीत सोडण्याची पद्धत यशस्वी झाली, तेव्हा कवच भेदण्याची अडचण दूर झाली. तरीही गोल डोक्याच्या शुक्रपेशींपासून पुष्कळदा गर्भ धरेना. कारण कॅल्शियमच्या लाटा उठविणारे ते दुसरे विकरही त्यांच्यात नसते किंवा फारच थोडे असते. अशा वेळी डॉक्टर अंडपेशीला रासायनिक उपायाने जागे करतात. कोणते विकर कोठे असते हे ठाऊक नसते, तर हा उपाय सुचलाच नसता.

श्रोतेहो, आता प्रयोगशाळेचे दार लोटून आपण थोडे घराकडे येऊ. वांझ हा शब्द आपण जमिनीला लावतो, झाडाला लावतो आणि स्त्रीला लावतो. पुरुषाला तो लावताना क्वचितच ऐकू येतो. मूल झाले नाही की नवस, उपवास, गंडेदोरे आणि टोमणे हे सारे सुनेच्या वाट्याला येतात. प्रसंगी मुलाचे दुसरे लग्न करण्याची भाषाही घरातली वडीलधारी माणसे बोलतात. त्या मुलाची साधी तपासणी मात्र कोणी सुचवीत नाही, कारण त्यात त्याच्या पुरुषत्वाला उणेपणा येतो असे मानले जाते. वस्तुस्थिती काय आहे? जगातील सुमारे सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा एकट्याने किंवा जोडीने वाटा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुरुषाची प्रकृती धडधाकट आहे, शुक्रपेशींची संख्याही भरपूर आहे, एवढ्याने निर्णय होत नाही. ज्याच्या शुक्रपेशींवर टोपी नाही त्याचे आरोग्य, बळ आणि संसारसुख यांत बाहेरून काहीही उणे दिसत नाही. दोष आहे तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागणाऱ्या एका टोपीत. तो त्याने केलेला नाही, त्याच्या पत्नीने तर नाहीच नाही. त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे? चष्मा लागला म्हणून कोणी मान खाली घालीत नाही. मग तपासणी आधी कोणाची करावी, याचा विचार करताना हेही पाहावे, की पुरुषाची प्राथमिक तपासणी सोपी, स्वस्त आणि वेदनारहित असते, तर स्त्रीच्या पुष्कळशा तपासण्या कष्टाच्या असतात. दोघांनी मिळून, एकाच वेळी डॉक्टरांकडे जावे, हे शहाणपणाचे.

एखादे विकर पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात असते, असा प्रश्न घेऊन माणसे वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतात, तेव्हा बाहेरच्या माणसास तो रिकामटेकडा छंद वाटण्याचा संभव आहे. उंदराच्या वृषणाचे काप किरमिजी रंगात बुडविणाऱ्या त्या दोघांना, आपल्या कामाचा एखाद्या दूरच्या घरातील सुनेशी काही संबंध असेल, हे कदाचित स्वप्नातही आले नसेल. परंतु संबंध आहे. दोष कोठे आहे हे ज्यांना ठाऊक नसते, ते तो जवळच्या दुबळ्या माणसावर ढकलून मोकळे होतात. ज्ञानाने निदान तेवढा अन्याय तरी थांबावा. टोपीतील विकराची जागा शोधणाऱ्यांनी आपले काम केले आहे. दोषाची खरी जागा ओळखून निरपराध माणसावरचा बोल काढून घेणे, हे काम मात्र तुमचे आणि माझे आहे.